साठ टक्के अण्णा

उंबरगडच्या टेकडीवरच्या मुखनोंद प्रयोगशाळेत त्या सकाळी एकशे बारा चेहरे नापास झाले. यंत्राने नापास केले की काम संपत असे, पुन्हा पाहण्याची गरज नसे. तरी डॉ. कालिंदी खराडे ते एकेक करून पाहत बसली. सकाळच्या चहाबरोबर कुणाला खारी लागते, कुणाला बटर. कालिंदीला हे लागे.

चेहरे एका झळकपटावरचे होते. झळकपट म्हणजे जुन्या फ्लेक्सचाच नातू: कापडाऐवजी प्रकाशाचा, चौकात उभा, भर उन्हातही डोळ्यांत बोट घालणारा. वर मधोमध नगराध्यक्ष प्रतापअण्णा मोरबाळे, वाढदिवसाचे. खाली शुभेच्छुकांची एकशे अकरा मुंडकी, भाजीवालीने लिंबे मांडावीत तशी ओळीने मांडलेली. सगळी गोरी, सगळी गुळगुळीत, सगळ्यांच्या गालावर एकाच बाजूने आलेले ऊन. अण्णांचे वय बासष्ट. पटावर ते बत्तिसाचे होते. गेल्या वर्षीच्या पटावर चौतिसाचे होते.

“दर वर्षी दोन वर्षांनी लहान होतायत,” कालिंदी म्हणाली. “अजून सोळा वाढदिवस, की अण्णांचं बारसं.”

पलीकडच्या टेबलावर फिरोज मुजावर हसले. मुखनोंदीचे सगळे गणित या माणसाने मांडलेले. निवृत्त होऊन आठ वर्षे झाली, तरी रोज डबा घेऊन यायचे, कारण घरी गणिताला कुणी विचारत नव्हते.

“किती आहे संस्कारांक?”

“साठ. कुणाचा एकोणसाठ.” तिने अण्णांखालची पहिली ओळ सरकवली आणि थांबली. डावीकडून चौथा चेहरा. नाव वाचल्याशिवाय तिलाही ओळखता आला नसता. नाव होते दिगंबर खराडे, उपाध्यक्ष, युवा आघाडी. तिचा धाकटा भाऊ. युवा म्हणजे त्रेचाळीस पूर्ण.

उंबरगडात आता ओळखपत्र कुणी बाळगत नसे. रेशन असो, बँक असो, दवाखाना असो, दारावरच्या नेत्रासमोर उभे राहायचे. दारनेत्र चेहऱ्यावरची दोनशे बारा अंतरे मोजी, त्याला म्हणत मुखमाप, आणि मापावरून नाव सांगे. पण चेहरा काही दगडाचा नसतो. तो सुरकुततो, सुजतो, दुःखाने एका रात्रीत उतरतो. म्हणून माप ताजे ठेवावे लागे, आणि त्यासाठी सरकारने एक सोपी वाट काढली होती: नावासह जाहीर लागलेला प्रत्येक फोटो मुखनोंद वाची आणि माणसाचे माप त्यावर सरकवी. जुने माप कायद्याने पुसले जाई. माणूस नोंदणीला स्वतःच्या पायाने येत नाही, पण फलकावर जायला रांग लावतो, हे सरकारला उमगलेले एकमेव मानसशास्त्र.

एवढेच, की फोटो फार घोटलेला नसावा. मूळ चेहऱ्यातले शंभरात किती बदलले, तो संस्कारांक; तो अठरापर्यंत चालेल. त्यापुढे घोटलेला फोटो मुखनोंद घेत नाही. ही अठराची मर्यादा कालिंदीची होती.

*

भाऊबीजेला दिगू आला. गळ्यात उपरणे, अंगाला अत्तर, हातात पेढ्यांचा पुडा. कालिंदीने पाट मांडला, निरांजन लावले. सुपारी फिरवताना तिने त्याच्याकडे पाहिले: आईचे पसरट नाक, आईच्याच जाड भुवया, कपाळावर आडवी आठी. घरात आईचा एकही फोटो नव्हता. ही एवढी एकच प्रत उरली होती, आणि तिला अण्णांच्या खाली चौथ्या नंबरला उभे राहायचे होते.

“ओवाळणी काय घालतोस?”

“घालतो गं. पण आधी एक मागू का?”

“भाऊबीजेला भाऊ मागतो होय? नवीनच पद्धत.”

“ताई, चेष्टा नको. अण्णांचा फोटो नापास झाला, सगळ्या गावानं चावडीवर वाचलं. ‘नोंदीस अपात्र.’ अण्णा अपात्र! माणूस दोन दिवस जेवला नाही.”

“बरं झालं. तेवढंच पोटाला.”

“तुझी मर्यादा साठ कर. राजधानीतनं मंजुरी आणलीय अण्णांनी, फक्त तज्ज्ञाची सही पायजे. तुझी.”

“दिगू, तो पट तू केलास ना? तुझ्याच दुकानात?”

“मग? सगळ्यांना एकाच पट्टीवर ठेवलं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आपल्यात भेदभाव नसतो.”

“आणि फोटो नवीन काढलेस?”

दिगूला हा प्रश्न कळलाच नाही. “नवीन कशाला? गेल्या गणपतीची फाईल होती की. त्यावरच पुन्हा हात फिरवला. या धंद्यात नवीन फोटो कुणी काढत नाही, ताई. लोक म्हणतात, मागच्या वेळेला चांगला आला होता, त्योच घे, अजून थोडा उजळ कर.”

निरांजन विझत आले होते. दिगू खाली बघत म्हणाला, “सही नाही झाली तर मी पटावरनं जातो. अण्णा म्हणाले, ज्याची बहीण आपली नाही तो आपला नाही. मग मी तरी कुठल्या तोंडानं येऊ इथं?”

“आहे त्या तोंडानं ये,” कालिंदी म्हणाली. पण तिच्या लक्षात आले, की दिगूला ते तोंड नकोच होते.

*

तिसऱ्या दिवशी अण्णा स्वतः टेकडीवर आले. मागे बाराजण, त्यांत दिगू. अण्णा खुर्चीत बसले आणि खुर्चीने तक्रार केली.

“मॅडम, फोटो म्हणजे काय?” अण्णांनी सुरुवातच भाषणाने केली. “माणूस दिसतो तसा फोटो आरसापण काढतो. आपला नेता जनतेला वाटतो तसा दिसला पायजे. आन् तुमचं यंत्र म्हणतंय, हा मी नव्हंच!”

“यंत्र खरं बोलतं, हा त्याचा दोष आहे,” कालिंदी म्हणाली. “सर, तुम्हीच सांगा यांना. माझ्या तोंडून कळणार नाही.”

मुजावरांनी डब्याचे झाकण लावले आणि शांतपणे समजावले. त्यांना कुणावरही रागावता येत नसे, हीच त्यांची मोठी अडचण.

“बघा अण्णा. या गावातले कोणतेही दोघे घ्या. त्यांच्या चेहऱ्यात सरासरी अंतर धरू शंभर. आता एकच माणूस घ्या. आज दाढी आहे, उद्या नाही, परवा ताप आहे. तरी तो स्वतःपासून आठाच्या पुढं जात नाही. म्हणून नियम असा: अंतर आठाच्या आत, तर माणूस एकच.”

“बरं.”

“आता छायासंस्कार. ते यंत्र चेहरा सुंदर करतं म्हणजे काय करतं? त्याच्याकडं सुंदर चेहरा एकच आहे. प्रत्येकाला ते त्या एकाकडं ओढतं. साठ टक्के ओढलं, की दोघांतलं शंभराचं अंतर राहिलं चाळीस. पुढच्या सणाला हे तीच फाईल पुन्हा घोटणार. चाळिसाचे झाले सोळा. तिसऱ्या सणाला साडेसहा.”

“म्हणजे?”

“म्हणजे आठाच्या आत. अठरानंसुद्धा हे होतं, पण त्याला तेरा वेळा घोटावं लागतं. तेवढ्यात माणूस कधीतरी नवा फोटो काढतो, असं आम्ही धरून चाललो. आमची अम्मी जात्यावर गायची,

*जोंधळा का गहू, घाल मोजून जात्यात,*
*बोट बुडवून पिठात, नाव सांगावं कुणी गं?*

दाण्याला नाव असतं. भरड्याचा अंदाज येतो. पीठ झालं, की नुसतं पीठ. किती दळायचं ते आधी ठरवावं लागतं, अण्णा. जातं उलटं फिरवून दाणा मिळत नाही.”

मग अण्णा मोठ्याने हसले, आणि अण्णा हसले म्हणून बाराजण हसले.

“म्हंजे सगळे माझ्यासारखे होणार म्हणा की! अहो, मग चांगलंच आहे. ही पोरं दुसरं काय मागत्यात?”

“व्हय अण्णा,” दिगू म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. खरेच पाणावले होते.

कालिंदीने त्या बाराजणांकडे पाहिले. बारा उपरणी, बारा अंगठ्या, बारा हसू. तिला वाटले, यांना वाचवायचे म्हणजे नेमके काय वाचवायचे? आईचे नाक ज्याला डागासारखे वाटते, त्याच्या नाकासाठी मी का भांडू? असा तिरस्कार चढला की माणसाला मोठे हलके वाटते. कर्तव्यातून सुटल्यासारखे.

“द्या कागद,” ती म्हणाली. तळाशी तिने एक ओळ लिहिली, ‘परिणाम तोंडी समजावून दिले आहेत’, आणि सही केली.

सगळे गेल्यावर मुजावर म्हणाले, “तू पटलं म्हणून सही केली नाहीस.”

“नाही.”

“भावासाठीपण केली नाहीस.”

“नाही, सर. होऊ देत पीठ. त्यांची तीच लायकी आहे.”

मुजावरांनी डबा पिशवीत घातला. “लायकी काढायचं गणित मी मांडलं नव्हतं, कालिंदी,” ते म्हणाले आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

*

मग उंबरगडात पटांचे पीक आले. मर्यादा साठ झाली तसा कुणीही अपात्र राहिला नाही. संक्रांतीचा पट, शिवजयंतीचा पट, पाडव्याचा पट. गल्लीगल्लीत हजार हजार मुंडकी. अण्णांनी फर्मान काढले, पटावर नाही तो आपला नाही. मग पानवाला चढला, न्हावी चढला, न्हाव्याची सासू चढली. अण्णांना मत देणारा आणि पटावर नसलेला एकही माणूस गावात उरला नाही. सगळ्यांचे फोटो दिगूच्या दुकानात, मागच्याच फाईलवरून, एकाच पट्टीवर.

पहिली अडचण शिमग्याला आली. नोंदीतला चेहरा घोटलेला आणि दारात उभा राहिलेला माणूस भाजलेल्या वांग्यासारखा, तसाच. दारे उघडेनात. ओरड झाली. राजधानीतल्या संचालनालयाने तोड काढली: दारनेत्राने आधी माणूस आहे तसा पाहावा. नाही सापडला, तर साठाचा संस्कार करून पुन्हा पाहावा, आणि सापडेपर्यंत पाहत राहावे. दारे उघडली. रेशनच्या दुकानात न्हावी उभा राहिला तर पडद्यावर पानवाल्याचे नाव येई. लोक हसत आणि धान्य घेऊन जात. दार उघडले, मग ते कुणाच्या नावाने उघडले हे कोण बघतो?

कालिंदी हे सगळे वाचत होती आणि चहात खारी बुडवत होती. दिगू दर रविवारी येई आणि नवा पट दाखवी. एका रविवारी तो म्हणाला, “सांग, यातला मी कुठला?” तिने बोट ठेवले. “चुकलीस! तो तर दत्तू गवंडी!” आणि असा खूश झाला, जणू परीक्षेत पहिला आला. कालिंदीने पटावर आईच्या भुवया शोधल्या. हजार चेहऱ्यांत कुठेच नव्हत्या.

निवडणुकीआधी एक महिना नियमाप्रमाणे मतदारयादी साफ झाली. ते काम राजधानीतले यंत्र करी. मतदानाच्या दोन दिवस आधी त्याचा अहवाल प्रयोगशाळेत आला. ‘उंबरगड. दुबार नावे वगळली: ९,८३९.’ गावात जल्लोष झाला. विरोधकांनी घुसवलेली बोगस नावे उडाली, म्हणून अण्णांनी लगोलग पट लावला: ‘सत्यमेव जयते’, खाली हजार मुंडकी. कालिंदी पट पाहून पोटभर हसली. आकड्याकडे तिने पाहिले, पण त्याचा विचार केला नाही.

*

मतदानाच्या सकाळी तिची नेमणूक कन्याशाळेच्या केंद्रावर होती, दारनेत्र सांभाळायला. सातला दहा मिनिटे असताना दारात दिगू उभा. मागे शाळेच्या कमानीपर्यंत अण्णांची माणसे.

“पहिलं मत माझं, ताई. अण्णांना शब्द दिलाय.”

सातचा भोंगा झाला. दिगू नेत्रासमोर उभा राहिला. यंत्राने त्याला आहे तसा पाहिले. मिळाला नाही. मग एकदा संस्कार केला, दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला, आणि गोड आवाजात म्हणाले, “नमस्कार, प्रतापअण्णा मोरबाळे. मतदान करावे.”

रांगेत शिट्ट्या झाल्या. दिगूने छाती फुगवली. “ऐकलंस? मला अण्णा म्हणालं!” तो आत गेला, कळ दाबली आणि बोटावरची शाई दाखवत बाहेर आला.

दुसरा दत्तू गवंडी. नेत्राने पाहिले, घोटले, पुन्हा घोटले. “नमस्कार, प्रतापअण्णा मोरबाळे. आपले मतदान सात वाजून एक मिनिटाने झाले आहे.”

“अरे, मी दत्तू!”

“आपले मतदान झाले आहे.”

तिसरा पानवाला. झाले आहे. चौथा न्हावी. झाले आहे. न्हाव्याची सासू. “नमस्कार, प्रतापअण्णा. आपले मतदान झाले आहे.” म्हातारीने यंत्राला अशी शिवी घातली की पोलिसाचेही कान लाल झाले.

कालिंदीला अहवालातला आकडा आठवला. दुबार नावे. एकाच चेहऱ्याची दोन नावे सापडली, की ज्या नावावर फोटो जास्त ते ठेवायचे, बाकीची काढायची. नऊ हजार आठशे एकोणचाळीस नावे. ती विरोधकांची नव्हतीच. आठाच्या आत आलेला तो सगळा ढीग यंत्राने एक माणूस म्हणून मोजला होता, आणि ढिगात सर्वांत जास्त फोटो कुणाचे, हे विचारायला नको होते. यादी एकच, म्हणजे बाकीच्या सहाही केंद्रांवर हेच चालले असणार. सात वाजून दोन मिनिटांनंतर अण्णांचा एकही माणूस उंबरगडात मत देऊ शकत नव्हता.

दुसऱ्या रांगेत मात्र कामे पटापट चालली होती. ज्यांना कुणी कधी पटावर घेतले नव्हते, ज्यांना घ्यावे असे कुणाला वाटले नव्हते, अशी माणसे. देवीचे व्रण, तिरळे डोळे, पडलेले दात. नेत्र एकदाच पाही आणि नाव घेई. “नमस्कार, सखूबाई लोहार. मतदान करावे.”

सव्वाअकराच्या मुहूर्तावर अण्णा आले. गुलाल, हलगी, मागे आरडाओरडा करणारी गर्दी. अण्णांनी हाताने गर्दीला गप्प केले. “साध्या माणसांची अडचण होते कधीकधी. मी उभा राहतो, बघा.”

ते उभे राहिले. नेत्राने पाहिले, घोटले.

“नमस्कार, प्रतापअण्णा मोरबाळे. आपले मतदान सात वाजून एक मिनिटाने झाले आहे.”

“कुणी केलं?” अण्णा ओरडले.

“आपणच,” यंत्र म्हणाले.

संध्याकाळी निकाल लागला. निवृत्त मुख्याध्यापिका लीलाबाई कांबळे, ज्यांनी प्रचारात एकही पट लावला नव्हता, कारण त्यांना फोटो आवडत नसत: सात हजार चारशे सहा. प्रतापअण्णा मोरबाळे: एक. अण्णांनी दाद मागितली. चौकशी समिती आली, तीन दिवस आकडे तपासून गेली. यंत्रात दोष आढळला नाही. मर्यादा मात्र पुन्हा अठरावर आणली.

*

चौथ्या दिवशी दिगू टेकडीवर आला. एकटाच. अत्तर नव्हते. साफ झालेली यादी सगळ्या कचेऱ्यांनी उचलली होती, आणि आता बँकेचे दार, दवाखान्याचे दार, सगळी दारे त्याला अण्णा म्हणत होती.

“आज दवाखान्यात नेलं होतं मला. दम लागत होता,” तो म्हणाला. “दारातलं यंत्र म्हणालं, अण्णांना साखर आहे, रक्तदाब आहे, त्यांच्या गोळ्या द्या. मला काय नाही ताई तसलं. डॉक्टरनं ऐकूनच घेतलं नाही. माझ्या आधी सकाळपासून चाळीसजणांना त्याच गोळ्या दिलेल्या.”

“घेतल्यास?”

“थुंकल्या.”

कालिंदी हसली नाही. हसू येत होते, पण ते मध्येच कुठेतरी आंबट झाले. सगळ्यांची लायकी काढताना तिने या एकालाही त्यांतच धरले होते, आणि तिची सही अजून त्या कागदावर होती.

“नवी नोंद करावी लागेल,” मुजावर आपल्या टेबलावरून म्हणाले. “जुनं माप पुसलेलं आहे. रक्ताच्या नात्यातल्या माणसानं साक्ष द्यायची, की हा तोच.”

“देते,” कालिंदी म्हणाली. “बस, दिगू. हलू नकोस.”

तिने नेत्र त्याच्याकडे वळवला. संस्कारपट्टी शून्यावर. पडद्यावर एक माणूस उमटला. पसरट नाक, जाड भुवया, एक दुसरीपेक्षा थोडी वर. डोळ्यांखाली काळे. भाऊबीजेपासून तिने हा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. ती पुढे वाकली आणि साक्षीच्या चौकोनात आपले नाव लिहू लागली.

दिगूही पडद्याकडे पाहत होता. बराच वेळ. मग त्याने हनुवटी उचलली, केसांवरून हात फिरवला आणि हळूच, तिच्याकडे न बघता म्हणाला,

“ताई, अठरापर्यंत तर कायद्यात बसतं ना? अठरा नको. दहा कर. नुसतं नाकापुरतं.”

मुजावरांनी डब्यातून मान वर केली. कालिंदीने भावाकडे पाहिले, मग शून्यावरच्या पट्टीकडे, आणि मग कळ दाबली.

“तोंड मिट,” ती म्हणाली. “माप चाललंय.”